बंद मोटेचा तक्ता

एखादी गोष्ट नाही असं कागदावर लिहायच्या आधी, ती खरंच नाही ना, हे पायी जाऊन पाहून येणारा माणूस आपल्या सगळ्या मुलखात एकच झाला, आणि तो अकरा वर्षं माझ्या घराच्या पुढच्या खोलीत राहिला. शेतीखात्याचे सहायक होते ते. डोणगावच्या अलीकडच्या आमच्या गावात त्यांना नावानं कोणी ओळखत नसे. सगळे ‘निरंक साहेब’ म्हणत. सरकारी कागदावर रकाना रिकामा सोडायचा नसतो. काही नसेल तर तिथे ‘निरंक’ असं लिहितात. बाकीचे लोक ते बसल्या जागी लिहितात. हे टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन, उन्हातून शिवार पालथं घालून येत आणि मग लिहीत. पहिल्याच महिन्यात मी त्यांना म्हटलं, “भाऊ, जे नाईच ते पाहाले एवढे कायले फिरता?” तर म्हणाले, “काकू, असलेलं कोणालाही दिसतं. नसलेलं पाहायला मुद्दाम जावं लागतं.” मला वाटलं, डोक्यात काही तरी सैल आहे. पण माणसाला व्यसन नव्हतं आणि नळाची तोटी आठवणीनं बंद करत होते, म्हणून ठेवून घेतलं.

त्यांच्याकडे पत्र्याची एक पेटी होती आणि त्या पेटीत तक्ते. आठवड्याचा वेगळा, पंधरवड्याचा वेगळा, महिन्याचा वेगळा. गावात लाकडी नांगर किती, बैलघाण्या किती, टोळ दिसले काय, बैलमोटेवर किती रान भिजतं, असले प्रश्न त्यांत होते. माझ्या सासूच्या काळातले प्रश्न. ज्यानं ते पहिल्यांदा विचारले तो माणूस कधीचा मरून गेला असेल, पण जाताना प्रश्न बंद करून जायचं त्याच्या लक्षात राहिलं नसावं. गावात ट्रॅक्टर आले, बोअर झाले, जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन झालं, तरी साहेब दर महिन्याला दारोदार विचारत, “लाकडी नांगर आहे का?” एका म्हातारीनं वैतागून सांगितलं, “होता, चुलीत घातला.” तर यांनी विचारलं, “कोणत्या महिन्यात?” कारण मागच्या तक्त्यात तो नांगर होता आणि या तक्त्यात नव्हता, मग मधे काय झालं ते खाली लिहावं लागणार होतं.

टोळांचं तर काही विचारू नका. एकदा माझ्या स्वयंपाकघरात हिरवा नाकतोडा आला. मी झाडू उचलला, तोच हे “काकू, थांबा, थांबा!” करत धावत आले. त्यांनी त्याच्यावर काचेचा पेला पालथा घातला, चष्मा लावला, खात्याचं पुस्तक उघडून पेल्याशेजारी ठेवलं आणि जमिनीवर पालथे पडून एकदा पुस्तकात आणि एकदा पेल्यात पाहू लागले. माझी भाकर तव्यावर करपली. अर्ध्या तासानं उठले आणि मोठ्या आनंदानं म्हणाले, “टोळ नाही. साधा नाकतोडा आहे.” मी म्हटलं, “मले इचारलं असतं तर मी तवाच सांगतलं असतं.” म्हणाले, “तुम्ही सांगितलं असतं, पण मी पाहिलं नसतं ना.” मग तो नाकतोडा त्यांनी अंगणात नेऊन सोडला आणि घरात येऊन तक्त्यावर ‘निरंक’ लिहिलं. तीन प्रतींत. मधे दोन कार्बन घालून इतका दाबून लिहीत की माझ्या लाकडी पाटावर अजून त्यांची अक्षरं उमटलेली आहेत. पोळपाट नव्हता घेऊ दिला, हे बरं केलं.

हळूहळू त्यांचं बोलणंही तक्त्यासारखं झालं होतं. जेवताना म्हणत, “भाजी उत्तम. मीठ निरंक.” त्यांची बायको चिखलीकडे शाळेत मास्तरीण होती, साहेब पंधरा दिवसांनी बसनं घरी जात. एकदा ती इकडे आली होती. मी तिला म्हटलं, “बाई, तुमचे साहेब मोठे इरसाल हायेत.” ती हसून म्हणाली, “काकू, मी म्हणते साखर संपली, तर हे डबा उघडून बघतात. भांडायचं नाही म्हणून मी आता डबा उघडाच ठेवते.” बिचारी दर उन्हाळ्यात त्यांना बदलीचा अर्ज करायला लावत होती आणि हे दर उन्हाळ्यात अर्जाच्या कारणाच्या रकान्याशी अडत. ‘कौटुंबिक अडचण’ असं सगळे लिहितात. यांचं म्हणणं, अडचण अशी काही नाही, दोघंही धडधाकट आहोत, मग लिहायचं कसं?

आता मोटेचं सांगते, कारण खरी गोष्ट ती आहे.

गावातल्या सगळ्या विहिरींवरच्या मोटा केव्हाच गेल्या. लोकांनी मोटारी बसवल्या. एकच मोट जागेवर राहिली, ती माझ्या भासऱ्यांच्या मळ्यातली. माझे मालक आणि त्यांचे मोठे भाऊ, म्हणजे माझे भासरे, यांची विहीर सामाईक होती. मालकांचं म्हणणं, विहिरीत मोटार सोडू. भासऱ्यांचं म्हणणं, माझ्या बापानं खणलेल्या विहिरीत वायर उतरणार नाही. त्यावरून जे वाजलं ते वाजलं. मालकांनी आपल्या वाटणीत बोअर मारला आणि त्या बांधावरून जाणं सोडलं. पुढे भासऱ्यांचे बैल गेले, बायको गेली, एक पोरगी होती ती दुसरबीडला दिली. हे एकटे मळ्यातल्या झोपडीत राहू लागले. शेत बटाईनं दिलं. मोट चालत नव्हती, पण खाली उतरवू देत नव्हते. कातडं वाळून लाकूड झालं तरी ती तशीच विहिरीवर टांगलेली. माझे मालक वारले तेव्हा भासरे मातीला आले, लांब उभे राहिले, गेले. पोरगा माझा पुण्याला. मी गावात, ते मळ्यात, मधे अर्ध्या तासाची वाट, आणि बोलणं नाही.

आणि भांडण नसतं तरी मी काय बोलणार होते? आमच्यात लहान सुनेनं भासऱ्याशी तोंडानं बोलायचं नसतं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेऊन भिंतीशी बोलले आहे. “म्हणा, जेवण वाढलं.” “म्हणा, पाव्हणे आले.” ते खांबाला उत्तर देत. “म्हणा, येतो.” मधे माणूस असला तर तो निरोप पुढे देई, नसला तर भिंत आणि खांब होतेच. पन्नास वर्षांत मी त्यांना एक शब्द सरळ बोललेली नाही.

तर गावातली एकमेव उभी मोट ती, म्हणून साहेबांना दर गुरुवारी तिथे जावं लागे. ती चालते की बंद आहे, हे पाहायला. मोट चालवायला बैल लागतात, बैल नाहीत हे अख्ख्या गावाला ठाऊक. पण साहेब जात, विहिरीत वाकून पाहत, भासऱ्यांना विचारत, “मोट सुरू आहे का?” भासरे सांगत, “नाई साहेब, बंद हाये.” आणि चहा करत. एका बंद मोटेवर त्या दोघांनी किती चहा प्यायला असेल, त्याचा तक्ता मात्र कोणी मागितला नाही.

परत आले की साहेब माझ्या ओट्यावर बसत आणि कोणी विचारलेलं नसताना मोठ्यानं सांगत. “मोट बंद. विहिरीला पाणी बरं आहे. म्हातारबांचं जेवण झालेलं होतं. खोकला मागच्या गुरुवारइतकाच.” मी शेंगा फोडत असे नाही तर गहू निवडत असे. मान वर करत नसे. खोकला वाढला म्हणाले की हात थांबे, एवढंच. एका पावसाळ्यात म्हणाले, “झोपडी दोन ठिकाणी गळते.” मी दुसऱ्या दिवशी ताडपत्री काढून त्यांच्यासमोर टाकली आणि म्हटलं, “हे घेऊन जा. खात्याची हाये म्हणून सांगा.” साहेब म्हणाले, “खोटं सांगता येणार नाही काकू.” पण ताडपत्री घेऊन गेले. आल्यावर मी विचारलं, “काय सांगतलं?” म्हणाले, “काही नाही. कोणाची ते त्यांनी विचारलंच नाही.”

असं चाललं होतं आणि वरून पत्र आलं. जुने, कालबाह्य झालेले तक्ते बंद करायचे आहेत. प्रत्येक सहायकानं आपल्याकडच्या कोणत्या तक्त्यांची गरज राहिली नाही ते कारणासह कळवावं. दुसऱ्या एखाद्यानं पेढे वाटले असते. तालुक्यातल्या बाकीच्यांनी एका दुपारी चहा पिता पिता यादी करून टाकली म्हणे. साहेबांना दोन महिने लागले. त्यांचं म्हणणं, एखाद्या कागदाची गरज नाही हे लिहायचं तर तो कोणीच वाचत नाही हे पाहायला नको का? म्हणून त्यांनी प्रत्येक तक्त्याच्या तळाशी, चौकटीच्या बाहेर, बारीक अक्षरात एक ओळ लिहायला सुरुवात केली: ‘हा तक्ता वाचणाऱ्याने कृपया कळवावे, ही विनंती.’ दर आठवड्याला टपालाकडे डोळे लावून बसत. कोणी कळवलं नाही.

मग एके दिवशी मोटेच्या तक्त्यावरून उत्तर आलं. ‘तक्त्याखाली अनावश्यक मजकूर लिहू नये.’ मी वाचून म्हटलं, “भाऊ, हे तर झापलं तुमाले.” साहेब खोलीभर फिरत होते. “काकू, वाचतात! कोणीतरी वाचतं!” त्यांचं तोंड असं झालं होतं, जसं परदेशातून पोराचं पत्र आलंय. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ते वरच्या ऑफिसात त्या माणसाला भेटायला गेले. संध्याकाळी परत आले. पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा म्हणाले, “कारकून भला आहे. तो म्हणाला, मी वाचत नाही हो साहेब, नुसती चौकटीबाहेर शाई दिसली म्हणून लिहिलं. कपाटही दाखवलं त्यानं. माझे सगळे तक्ते होते त्यात. नीट लावून ठेवलेत.” मग म्हणाले, “गठ्ठ्याची गाठही मीच बांधलेली होती, तशीच होती.”

खरं सांगायचं तर ते तक्ते बंद झाले ते योग्यच झालं. नसलेल्या नांगरांची मोजदाद कशाला पाहिजे? मी चौथी शिकलेली बाई, मलाही ते कळत होतं. टोळांचा मात्र त्यांनी ठेवला. यादीत लिहिलं, ‘टोळ पूर्वसूचना न देता येतात, सबब चालू ठेवावा.’ बाकीचे एकेक करून काढले. घाण्या गेल्या, नांगर गेले. मोटेचा शेवटी राहिला.

त्या दिवशी मी अंगणात पापड वाळत घालत होते. साहेब यादी आणि पेन घेऊन आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. म्हणाले, “काकू, मोटेच्या तक्त्याचा उपयोग ऑफिसात कोणाला नाही, ते मी पाहून आलो. गावात विचारायचं राहिलं होतं, तेही केलं. विचारायच्या तुम्ही एकट्याच राहिलात. तुम्हाला त्याचा काही उपयोग आहे का?”

मला कळलं ते काय विचारत आहेत ते. मी हो म्हटलं असतं तर त्या माणसानं तो तक्ता चालू ठेवा म्हणून लिहिलं असतं, त्याचं कारणही लिहिलं असतं, आणि वरच्यांशी त्यासाठी भांडलेही असते. पण हो कसं म्हणणार? मला दर गुरुवारी भासऱ्यांचा खोकला कळतो, हे सरकारी कागदावर लिहून घ्यायचं का? आणि ज्या माणसापायी माझ्या मालकांनी तो बांध सोडला त्याची मला काळजी आहे, हे मी पापड टाकता टाकता परक्या माणसाला सांगायचं? मी म्हटलं, “मले काय करायचं त्या मोटेचं!”

“नक्की?” त्यांनी विचारलं.

“एकडाव सांगतलं न भाऊ.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. विहिरीत वाकून पाहतात तसं, अगदी तळाला काही दिसतं का म्हणून. मग पेनाचं टोपण काढलं आणि उभ्या उभ्या लिहिलं: ‘उपयोग निरंक.’ अकरा वर्षांत त्यांनी खोटं लिहिलेलं ते एकच, आणि ते माझ्या सांगण्यावरून.

तक्ते बंद झाले. जे उरले ते फोनवर भरायचे झाले; फोटो काढला की काम झालं. गुरुवार आला, साहेब खोलीतच. मी दोनदा दारावरून गेले. शेवटी विचारलं, “आज कुठी जाऊन नाई राह्यले?” म्हणाले, “काकू, आता काम नाही तिकडे. काम नसताना कोणाच्या मळ्यात कसं जायचं?” हा त्यांचा मूर्खपणा होता. सांगून उपयोग नव्हता. आणि मी तरी कोणत्या तोंडानं सांगणार? त्याच उन्हाळ्यात त्यांच्या बदलीचा हुकूम आला. बायकोनंच कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहून अर्ज परस्पर दिला होता. काय लिहिलं ते तिनं यांना दाखवलं नाही, शहाणी आहे. साहेब पेटी घेऊन गेले. जाताना खोलीच्या चारही कोपऱ्यांत वाकून पाहिलं आणि म्हणाले, “काही राहिलेलं नाही.”

त्यांच्यामागून आलेला सहायक चांगला आहे. हसतमुख आहे, मोटरसायकलनं येतो, घटकेत काम उरकतो. त्याला मळ्यात जायची गरज पडत नाही.

साहेब गेल्यावर मी चार गुरुवार घरात बसून काढले. पहिल्या गुरुवारी म्हटलं, माझं काय अडलंय. दुसऱ्या गुरुवारी गहू निवडायला घेतले, ते आधीच निवडलेले होते. तिसऱ्या गुरुवारी पाऊस झाला. चौथ्या गुरुवारी बटाईवाल्याला रस्त्यात गाठून उगाच सोयाबीनचं विचारलं. त्यानं सोयाबीनचं सगळं सांगितलं आणि म्हाताऱ्याचं काही सांगितलं नाही. पाचव्या गुरुवारी ज्वारीच्या दोन भाकरी आणि अंबाडीची भाजी फडक्यात बांधली, डोक्यावर पदर घेतला आणि निघाले. गुडघा कुरकुरत होता. तो बांध ओलांडताना मालकांची आठवण आली. मनात म्हटलं, तुम्ही रागवा, मी आता थांबत नाही.

भासरे लिंबाखाली खाटेवर बसले होते. वाळले होते, पण होते. मी अंगणाच्या कडेला उभी राहिले आणि लिंबाच्या बुंध्याला म्हटलं, “म्हणा, भाकर आणली.”

भासरे झोपडीच्या लाकडी मेढीला म्हणाले, “म्हणा, ठेव तिकडं.”

मी ठेवली. ते एकदा खोकले. मी ऐकून घेतलं. खोकला होता तितकाच होता. निघावं म्हणून वळले तर ते मेढीला म्हणाले, “असल्या गुडघ्यानं एवढ्या दूर काऊन आली, म्हणा. पोळ्याले पडली तवापासून सूज हाये न.”

मी जागच्या जागी थांबले. पोळ्याच्या दिवशी मी न्हाणीत पडले होते. ते मी गावात कोणाला सांगितलं नव्हतं. पोरालाही सांगितलं नव्हतं.

“म्हणा, कोणं सांगतलं?”

“साहेब सांगे. चहा पिऊन झाला का सगळं सांगे. गुडघा, बीपीची गोळी, पोराचा फोन आला का नाई आला. मी इचारत नव्हतो. तो आपला सांगत राहे.”

मला असा राग आला! माझ्या घरात राहायचं, माझ्या हातची भाजी खायची आणि माझीच चहाडी दर गुरुवारी मळ्यात नेऊन पोचवायची! “आन् काय काय सांगतलं त्यायनं?” मी विचारलं. विचारून झाल्यावर मला कळलं की मी लिंबाला विचारलं नव्हतं. भासऱ्यांकडे पाहून, सरळ, तोंडानं विचारलं होतं. आभाळ काही कोसळलं नाही. भासऱ्यांनीही मेढ सोडून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “बस अगोदर.”

मी जमिनीवर बसले. मग आम्ही साहेबांचंच बोलत बसलो. दुसरं काही बोलायची आम्हाला सवयच नव्हती, आणि विहिरीचं बोलायची दोघांचीही इच्छा नव्हती. नाकतोड्याची गोष्ट त्यांना माहीत होती. बदलीच्या अर्जाची नव्हती, ती मी सांगितली. इतके हसले की मला पाणी द्यावं लागलं. भाकर खाता खाता त्यांनी विचारलं, “आता कुठी हाये तो?”

“बायकोजवळ. चिखलीकडं. सगळं काम फोनवरच हाये म्हनते. कुठी जा लागत नाई.”

“बरं झालं,” भासरे म्हणाले. “पाय लय दुखत त्याचे. इथं आला का जोडे काढून अर्धा घंटा नुसता चोळत बसे.”

मी म्हटलं, हो का. अकरा वर्षं पुढच्या खोलीत राहिले, पण हे मात्र त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.